बॉस बाई असली की काम वेगळं चालतं का?

कुर्ला_डाउन
गेल्या दिवाळीनंतर आमच्या विभागाला नवीन मॅनेजर आल्या. आधीचे साहेब बढतीवर पुण्याला गेले. विमा-दाव्यांचं बॅक ऑफिस, जागा लोअर परळ, जुन्या मिलच्या आवारातली काचेची इमारत. काम तेच, सॉफ्टवेअर तेच, वैतागही तोच.

साहेबांची पद्धत अशी की फाइल अडली की केबिनमधून हाक. आत गेलं की आधी पाच मिनिटं पाणउतारा, मग "बस आता, काय झालंय ते सांग". संध्याकाळी तेच खाली टपरीवर चहा पाजायचे आणि सकाळचं सगळं धुऊन निघायचं. बाई आवाज चढवत नाहीत. सोमवारी प्रत्येकाला एकट्याला बसवून कुठे अडलंय ते विचारतात. जागेवर परत येईपर्यंत मेल आलेला असतो: हे ठरलं, अमुक तारखेपर्यंत, तमुक करणार. शिव्या नाहीत आणि चहाही नाही.

जेवणाच्या टेबलावर एकमत झालंय की "बाईमाणूस आहे, बारीकसारीकात घुसते". मी म्हटलं, अरे, साहेबही मोठ्या रकमेचा प्रत्येक दावा स्वतः उघडून बघायचे. तेव्हा आपणच म्हणायचो ना, सरांच्या नजरेतून काही सुटत नाही? यावर कोणी काही बोललं नाही, विषय क्रिकेटवर गेला.

तर प्रश्न असा. बाया आणि पुरुष माणसं वेगळ्या रीतीने सांभाळतात, की आपण त्यांच्याकडे वेगळ्या रीतीने बघतो? आपापल्या ऑफिसात, दुकानात, वॉर्डात, साइटवर डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. नवरा-बायकोचे विनोद नकोत, ते व्हॉट्सॲपवर भरपूर आहेत.

खारीबिस्कीट
रुमाल टाकून ठेवते. डबा खाऊन येते.

आडवातिडवा
मी लिहितो, मग मारा दगड.

एक्स्पोर्ट हाउसमध्ये, अंधेरीला, आयुष्य गेलं. दोन्ही प्रकारचे बॉस पाहिले. पुरुष भांडतो आणि विसरतो. बाई भांडत नाही आणि विसरत नाही. मार्चमध्ये शिपमेंटची कागदपत्रं चुकली, तर अप्रेझलच्या वेळी तारखेसकट समोर आली. आणि सगळ्यात जाच कुणाला? हाताखालच्या पोरींना. पोरगं आजारी म्हणून रजा मागितली तर साहेब म्हणायचे, जा बाई. मॅडम म्हणायच्या, मी नाही का पोरं वाढवली नोकरी करून?

यात माझा द्वेष वगैरे नाही. पाहिलं ते लिहिलं.

खारीबिस्कीट
आडवातिडवा, तारखेसकट समोर आली ती चूक झालीच नव्हती का? की झाली होती, पण साहेब असते तर चहात विरघळली असती?

आडवातिडवा
झाली होती हो. पण माणूस आहे ना.

सिस्टर_इन्चार्ज
महापालिकेच्या एका रुग्णालयात वॉर्डची इन्चार्ज आहे. हा धागा वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे हा प्रश्न कोणी कधी विचारलाच नाही. मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सची प्रमुख, बाई; तिच्या हाताखालच्या इन्चार्ज बाया. शेकडो माणसांचं खातं चालतं, पण त्याला कोणी "महिला व्यवस्थापन" म्हणत नाही. आमचं ते "सिस्टर बघतील". डॉक्टर राउंडला येतात, लिहून जातात, आणि पुढचे तेवीस तास वॉर्ड कोण चालवतं ते रुग्णाच्या नातेवाइकांना विचारा.

बायका हळव्या असतात, समजुतीने घेतात, असं कोणी म्हणालं तर त्याला एक दिवस माझ्याबरोबर ड्युटी लिस्ट लावायला बसवीन. गणपतीचा महिना घ्या. निम्म्या सिस्टर कोकणातल्या. सगळ्यांना चतुर्थीला गाव. एक गरोदर, तिला नाइट लावायची नाही. एकीचे सासरे आयसीयूत. दोन ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, आहेत, त्यांचीही गावं सिंधुदुर्गातच. मी लिस्ट पेन्सिलने लावते, कारण ती तीनदा खोडली जाणार हे ठरलेलं. गेल्या वर्षी गणपती ज्यांना मिळाले त्यांना यंदा दिवाळी, हा नियम. वही माझ्या कपाटात असते, कोणीही येऊन बघावी. रडारड होते. मला "दगड" म्हणतात ते मला माहीत आहे. पण लिस्ट भिंतीवर लागली की लागली.

पुढच्या पाळीला ओव्हर देताना इंजेक्शन दिलं की नाही, किती दिलं, कधी दिलं, हे तोंडी सांगून भागत नाही, लिहावं लागतं. तिथे मी गोड बोलत नाही. पुरुष इन्चार्ज असता तर त्यानेही गोड बोलून चाललं नसतं. काम कसलं आहे त्यावर माणूस कसा वागतो ते ठरतं, हे माझं मत.

आकडेमोड
सिस्टरांचा मुद्दा अभ्यासातूनही निघालेला आहे, म्हणून लिहितो.

ॲलिस ईगली नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि ब्लेअर जॉन्सन यांनी १९९० साली तोवरचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना खोटं खोटं पुढारी केलं की फरक ठसठशीत दिसायचा: पुरुष कामावर लक्ष देणारे, बाया माणसांवर. पण खऱ्या संस्थांमधले, निवडून आणि घासून पुसून वर आलेले मॅनेजर घेतले की हा फरक जवळजवळ नाहीसा. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे टिकली. निर्णयात बाया इतरांना जरा जास्त सामील करून घेतात, पुरुष जरा जास्त हुकूम सोडतात. २००३ मध्ये ईगलींनी आणखी ४५ अभ्यास तपासले. चांगल्या कामाची दखल घेणं, माणसं घडवणं यात बाया थोड्या पुढे. चूक झाल्यावरच लक्ष घालण्यात किंवा गळ्याशी येईपर्यंत थांबण्यात पुरुष थोडे पुढे. यातला "थोडे" विसरू नका, फरक खरंच लहान आहेत.

बघण्यातला फरक मात्र लहान नाही. त्याचा सगळ्यात चांगला पुरावा आपल्याच देशातला आहे. ७३व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतींत एक तृतीयांश प्रमुखपदं बायांना राखीव झाली आणि कुठल्या गावावर आरक्षण पडणार हे गावाच्या मर्जीवर नव्हतं. त्यामुळे तुलना करायला आयती सोय झाली. एस्थर दुफ्लो, रोहिणी पांडे वगैरे अर्थतज्ज्ञांनी पश्चिम बंगालमधल्या गावकऱ्यांना एका पुढाऱ्याचं भाषण ऐकवलं. भाषण शब्दन् शब्द तेच. काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या. जिथे कधी बाई प्रधान (आपल्याकडचा सरपंच) झालीच नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या पुढाऱ्याला कमी गुण दिले. जिथे आरक्षणामुळे बाईचा कारभार पाहून झाला होता, तिथे हा भेद जवळजवळ पुसला गेला. पुढची गोष्ट मला जास्त आवडते. पुढारी म्हणून कोण आवडेल असं सरळ विचारलं, तर तिथेही पुरुषांचं उत्तर "पुरुष" हेच. म्हणजे बाईला काम जमतं हे पटलं, पण आवड बदलली नाही. हे २००९ मध्ये छापून आलंय.

कुर्ला_डाउन, तुमचं जेवणाचं टेबल म्हणजे आरक्षण न पडलेलं गाव आहे.

आडवातिडवा
ग्रामपंचायत कुठे, लोअर परळ कुठे. उद्या म्हणाल धारावीवरून न्यूयॉर्क ठरवू.

आकडेमोड
लोअर परळच्या लोकांना गावच्या लोकांपेक्षा शहाणे समजण्याचं कारण मला तरी सापडलेलं नाही.

बोरिवली_स्लो
माटुंगा स्टेशन, मध्य रेल्वेचं, २०१७ च्या जुलैपासून संपूर्ण महिला कर्मचारी चालवतात. तिकीट खिडकी, तपासनीस, पोलीस, अनाउन्समेंट, स्टेशन मॅनेजर, सगळ्या बाया. लिम्का बुकात नोंदही झाली. मी बरेच दिवस तिथे उतरायचो. गाड्या आधी जेवढ्या उशिरा यायच्या तेवढ्याच उशिरा येतात. त्यात त्यांचा दोष नाही, श्रेयही नाही. विनातिकीट मात्र जपून. "ताई, सोडा ना" तिथे चालत नाही.

निवृत्त_शाखाधिकारी
एका राष्ट्रीयीकृत बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. इथे सगळे स्वभावाबद्दल बोलताहेत, म्हणून मी जरा घड्याळाबद्दल लिहिते.

आमच्या वेळी ऑफिसरची परीक्षा दिली की बदली आलीच. माझ्या बरोबरीच्या कितीतरी हुशार मुली क्लार्क म्हणूनच निवृत्त झाल्या. परीक्षा झेपत नव्हती असं नाही. पोरं लहान, सासू अंथरुणावर, आणि पोस्टिंग कुठे, तर विदर्भात नाहीतर गुजरातेत. नवऱ्याची बदली झाली की घर त्याच्यामागे जातं. बाईची झाली की बाई एकटी जाते किंवा नाही म्हणते. त्यामुळे वर पोचलेल्या बाया पाहून "बाया कडक असतात" असं म्हणताना, आधीच गाळून मागे राहिलेल्या किती होत्या तेही धरा. चाळणीतून जे उरतं ते टणक असणारच.

मी फोर्टच्या शाखेत होते, राहायला बोरिवली. स्ट्राँगरूमच्या किल्ल्या दोघांकडे असतात, एक माझ्याकडे, एक हेड कॅशियरकडे. दोघं आल्याशिवाय कॅश बाहेर निघत नाही. दाराशी ग्राहक उभे, काउंटरवर टेलर रिकामा, आणि तुमची गाडी दादरच्या अलीकडे सिग्नलला अडकलेली. असं एकदा झालं की आयुष्यभर एक गाडी आधीची पकडता. म्हणून माझी शाखा वेळेवर उघडायची. संध्याकाळी मात्र मला लेडीज स्पेशल धरायची असायची. पश्चिम रेल्वेने ती ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली सुरू केली, आणि आम्हा बायकांच्या नोकऱ्यांवर त्या गाडीचे उपकार आहेत. जनरल डब्यातल्या पुरुषांना ते कळायचं नाही.

आता व्यवस्थापन. संध्याकाळी निघायचंय हे पक्कं, म्हणून कठीण काम सगळं बाराच्या आत. थकलेल्या कर्जदाराला फोन सकाळीच. भांडण मिटवायचं तर जेवणाआधी. क्लार्कला सांगून ठेवलेलं, व्हाउचर संध्याकाळसाठी साठवायची नाहीत. दिवसाचा हिशोब जुळला की दिवे बंद. माझ्याआधीचे मॅनेजर आठ-साडेआठपर्यंत बसायचे. दुपारी दोन तास झोनल ऑफिसच्या ओळखीपाळखी, मग संध्याकाळी सहाला "चला, आता जरा रिकव्हरी बघू". सगळा स्टाफ अडकलेला. आणि झोनल मॅनेजरचा फोन यायचा तो बरोबर सातला. कोण उचलतो ते बघायचं. जो उचलेल तो कष्टाळू. माझ्या गोपनीय अहवालात एका वर्षी आलं की काम उत्तम, पण "उपलब्धता कमी". शाखेची थकबाकी त्या वर्षी खाली आली होती. तो रकाना वेगळा, हा वेगळा.

आडवातिडवा म्हणतात त्या मॅडम "मी नाही का पोरं वाढवली" म्हणाल्या, ते मला अगदी खरं वाटतं. अशा माझ्याही ओळखीत आहेत. सोसलेलं दुसरीला सुटू देणं सगळ्यांना जमत नाही. पण सगळ्याच तशा नव्हत्या. अरुंधती भट्टाचार्य २०१३ मध्ये स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. त्यांच्या काळात बायकांना मुलांच्या किंवा आजारी माणसांच्या संगोपनासाठी दोन वर्षांपर्यंत बिनपगारी सुट्टी घेऊन परत कामावर येता येऊ लागलं. आमच्या वेळी असं असतं तर मागे राहिलेल्यांतल्या चार-दोन तरी टिकल्या असत्या.

आकडेमोड
काकू, तुमच्या घड्याळाला एक आकडा जोडतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. आणि हे "करणाऱ्या" पुरुषांचं. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६.

खारीबिस्कीट
शाखाधिकारी काकू, "उपलब्धता कमी" वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे आता सातच्या फोनची जागा रात्री दहाच्या व्हॉट्सॲप ग्रुपने घेतली आहे. पहिला अंगठा कोण दाखवतं याची शर्यत. उत्तर कोणालाच नको असतं.

कटिंग
मी उलटं उदाहरण देतो. पवईला, सेल्स. आमची मॅनेजर बाई आहे आणि माझ्या आजवरच्या बॉसपैकी सगळ्यात खतरनाक. शनिवारी रात्री टार्गेटचा रिव्ह्यू घेते. आवाज असा की शेजारच्या मीटिंग रूममधली माणसं आमच्या काचेकडे बघतात. समजूतदारपणा, सामील करून घेणं, काहीच नाही.

पण तिमाहीचा इन्सेंटिव्ह फायनान्सने अडवला तेव्हा हीच बाई थेट सीएफओच्या केबिनमध्ये गेली आणि पैसे काढून आणले. आधीचा बॉस गोड होता, "बघतो रे, बोलतो वर" म्हणायचा. वर बोललाच नाही. मला गोड बॉस नको. आता तिची तक्रार एचआरकडे गेलीय, "बोलण्याची पद्धत" या मथळ्याखाली. शेजारच्या टीमचा बॉस तर पोरांच्या अंगावर पेन फेकतो, त्याच्यावर काही नाही. मी तिच्या बाजूने लिहून दिलं, पण शनिवार रात्रीबद्दलही लिहिलं.

गिरगावकर
आमच्या गिरगावातल्या लोहाणा निवासच्या गच्चीवर १९५९ साली सात बायांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढे लिज्जत. सभासद फक्त बाया, त्याच मालक, शाखा चालवणारी संचालिका त्यांच्यातलीच. ड्रायव्हर वगैरे पुरुष नोकरीवर आहेत, पण सभासद नाहीत. सकाळी पीठ न्यायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी आणून द्यायचं, प्रत बिघडली तर परत. जी बाई पापड परत करते तीही काल लाटायलाच होती. बायकांना बायकांचं चालत नाही म्हणणाऱ्यांनी ही इमारत बघून यावी.

१९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेही असंच. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या त्या बायका सावकाराच्या व्याजात बुडाल्या होत्या. त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं आणि त्यांनी ते फेडलं.

आडवातिडवा
लिज्जतच्या मागे समाजसेवक छगनबाप्पा पारेख होते. पापडाची प्रत एकच ठेवा, स्वस्तातला हलका माल काढू नका, हिशोब चोख ठेवा, हे त्यांनीच शिकवलं. तेही लिहा की.

गिरगावकर
लिहिलं असतं. सल्ला त्यांचा, लाटणं आणि कारभार बायांचा. सल्लागार तर टाटांकडेही असतात, म्हणून कंपनी सल्लागाराची होत नाही.

साइटवरची
उशिरा आले, पण हा माझाच धागा आहे. मी सिव्हिल इंजिनिअर, मुलुंडच्या पलीकडे एका टॉवरच्या साइटवर.

स्लॅबच्या आदल्या दिवशी सळई तपासणं माझं काम. ड्रॉइंगमध्ये दीडशे मिलीमीटरवर सळई, जागेवर कुठे दोनशे, कुठे त्याहून जास्त. सळई फळीपासून वर उचलून धरणारे कव्हर ब्लॉक अर्धे गायब. फिटरला दाखवलं, मुकादमाला दाखवलं. मुकादम "हो मॅडम" म्हणून विडी पेटवायला गेला. सकाळी बघते तर तयार काँक्रीटच्या गाड्या गेटवर रांगेत, ड्रम फिरताहेत, आणि सळई काल होती तशीच. काँट्रॅक्टरने माझ्याशी वाद घातलाच नाही. माझ्यासमोर फोन काढला आणि माझ्या सीनियरला लावला: "साहेब, मॅडमना जरा समजवा, गाड्या उभ्या आहेत."

मी आदल्या संध्याकाळी प्रत्येक ठिकाणी टेप लावून फोटो काढले होते आणि ग्रुपवर टाकले होते. काँक्रीट ओतायला परवानगी देणाऱ्या पोअर कार्डावर सही केली नव्हती. फोटो सीनियरच्या मोबाइलमध्ये होतेच, त्यामुळे त्याला माझ्या बाजूने बोलणं भाग पडलं. दोन गाड्या परत गेल्या, सळई बांधून घेतली, मग काँक्रीट पडलं.

आता माझा पुरुष सहकारी, त्याच हुद्द्याचा. तो मुकादमाला आईवरून एक हाणतो आणि सळई हलते. त्याला टेपचा फोटो लागत नाही, ग्रुप लागत नाही, कार्ड लागत नाही. त्याचं तोंड पुरतं. माझं पुरत नाही, म्हणून मी कागद वापरते. मग साइटवर माझं नाव पडतं "कागदी मॅडम". कुर्ला_डाउन, तुमच्या बाई प्रत्येक गोष्टीचा मेल का करतात, ते त्यांना एकदा विचारून बघा.

सिस्टर_इन्चार्ज
साइटवरची, तू आमच्या वॉर्डला चालशील.

आकडेमोड
हे मला कुठल्याच अभ्यासात इतकं स्वच्छ वाचायला मिळालं नव्हतं. जिला आपण "बायकांची शैली" म्हणतो, ती शब्दाला वजन नसलेल्या माणसाने शोधलेली सोय असू शकते. पुरुषांतही बघा, नवीन पोरगा मॅनेजर झाला की तोही सगळं लेखी ठेवतो. वजन आलं की सोडतो.

आडवातिडवा
मग बाईला वजन आलं की तीही कागद सोडते का?

निवृत्त_शाखाधिकारी
नाही सोडत. वजन आलंय याची खात्री होत नाही. दर नव्या शाखेत पहिल्यापासून सुरुवात. दाराशी आलेला ग्राहक मला बघून विचारायचा, "साहेब कुठे बसतात?" निवृत्तीच्या आदल्या महिन्यातसुद्धा.

कुर्ला_डाउन
साइटवरचीने सांगितलं म्हणून विचारलं. सोमवारच्या बैठकीत, फार धीर करून. बाई हसल्या. म्हणाल्या, आधीच्या कंपनीत तोंडी ठरलेलं काम बिघडलं आणि तीन माणसांनी वर सांगितलं, "मॅडम असं म्हणाल्याच नव्हत्या." तेव्हापासून मेल. मग म्हणाल्या, "तुम्हाला त्रास होतो का त्याचा?" मी खरं सांगितलं, की उलट सोपं पडतं, साहेबांच्या वेळी काय ठरलं ते आठवण्यात अर्धा दिवस जायचा. पण टपरीची आठवण येते हेही सांगितलं. तिथे साहेबांकडून आतल्या गोष्टी कळायच्या, कुठली जागा रिकामी होतेय, कोणाचं प्रमोशन अडलंय.

खारीबिस्कीट
ती टपरी! आमच्या ऑफिसात मॅनेजर आणि पोरं सिगरेटला खाली जातात आणि वर येतात ते पुढचं प्रोजेक्ट वाटून. आम्ही डेस्कवर. कोणी आम्हाला येऊ नका म्हणत नाही, फक्त "चल" म्हणत नाही.

आणि एक राहिलंच. पुरुष बॉस बायकांना खरं सांगत नाहीत. माझ्या बरोबरच्या मुलाला सांगितलं, तुझं प्रेझेंटेशन भिकार होतं, आकडे आधी घे. मला सांगितलं, छान होतं, थोडं पॉलिश कर. पुढच्या वेळी तो सुधारला, मी तशीच राहिले. मी रडेन अशी भीती असते बहुतेक. मला स्पष्ट बोलणारी पहिली बॉस बाई भेटली. ऐकताना डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच महिन्यात काम सुधारलं.

आडवातिडवा
रडण्याची भीती नाही, तक्रारीची आहे. २०१३ च्या कायद्यानंतर केबिनचं दार बंद करून मुलीशी बोलायला माणूस कचरतो. हे कोणी उघड बोलत नाही, मी बोलतो.

खारीबिस्कीट
तो कायदा लैंगिक छळाविरुद्ध आहे, "आकडे आधी घे" म्हणण्याविरुद्ध नाही. त्याच्या मुळाशी असलेला सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल १९९७ चा. ज्याला दोन्हींतला फरक कळत नाही त्याने दार उघडं ठेवावं, पण बोलावं. दहा माणसं असतील तिथे समिती असायला हवी आणि तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई हवी. तुमच्या एक्स्पोर्ट हाउसमध्ये आहे का?

आडवातिडवा
कागदावर आहे.

कटिंग
भरतीचंही लिहा कोणीतरी. प्रसूतीची रजा २०१७ मध्ये १२ आठवड्यांवरून २६ झाली, चांगलंच झालं. पण ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, न बसणाऱ्या बाईचा पगार पूर्ण मालकाने द्यायचा. ५० किंवा जास्त माणसं असली की पाळणाघरही. त्यामुळे लहान कंपन्यांत काय चालतं ते मी मुलाखतीच्या टेबलाच्या अलीकडे बसून पाहिलंय. नवीन लग्न झालेली मुलगी गेली की दार लागल्यावर बोलणं होतं. त्यात बाया पॅनेलवर असतात आणि त्याही मान हलवतात.

निवृत्त_शाखाधिकारी
महाराष्ट्र राज्य १९६० साली झालं. मंत्रालयात पहिली महिला मुख्य सचिव, सुजाता सौनिक, २०२४ मध्ये. मुलाखतीच्या टेबलावर मान हलत राहिली की असं होतं.

नवीटीमलीड
वाचनमात्र होते, आयडी आत्ताच काढला. सोमवारपासून मी टीम लीड आहे, ऐरोलीला, आयटी सपोर्ट. हाताखाली सहा जण, सगळे पुरुष, एक जण माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे आणि त्यांनाही ही जागा हवी होती. काय करू, काय नको?

साइटवरची
सगळं लेखी.

कटिंग
पहिल्या दिवशी मेल्सचा पाऊस पाडू नकोस. त्यांच्यासाठी काहीतरी मिळवून आण आधी. अडलेला लॅपटॉप, शिफ्ट अलाउन्स, काहीही. मग मेल.

सिस्टर_इन्चार्ज
शिफ्टची लिस्ट पहिल्या आठवड्यात तू स्वतः लाव, कोणावर सोपवू नकोस. रात्रपाळी आणि सुट्ट्या कोण वाटतं त्यावरून माणसं मालक ओळखतात. स्वतःलाही रात्रपाळी लाव. आणि तुला घरी सोडायला गाडी आहे का ते आधी विचार. रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि सुरक्षित वाहतूक लागते, हा राज्याचा कायदा आहे. उपकार म्हणून मागू नकोस.

नवीटीमलीड
गाडी आहे, पण बाकीच्यांच्या आधी मला सोडतात म्हणून आत्ताच कुरकुर आहे.

आडवातिडवा
पोरी, माझं ऐकशील तर सांगतो. तो जो मोठा माणूस आहे, त्याला सोमवारच्या मीटिंगमध्ये पहिल्यांदा भेटू नकोस. आधी एकटी भेट. जागा तुम्हाला हवी होती हे मला माहीत आहे, असं सरळ म्हण. मला कोणी म्हणालं नव्हतं, मी दोन वर्षं डूख धरून होतो. त्याला जे येतं आणि तुला येत नाही असं एक काम त्याच्या नावावर कर, सगळ्यांसमोर. आणि काका म्हणू नकोस.

नवीटीमलीड
मग काय म्हणू?

आडवातिडवा
बाकीचे पाच जण म्हणतात तेच. आणि मीटिंग चारला ठेव.